वरच्या दोन

रंगूबाई कुणाच्या घरी लकव्याचा माणूस बघायला गेली, की त्याच्या पायाला हात लावायच्या आधी घरच्या बाईला एक प्रश्न विचारायची. पदर खोचून, उंबऱ्याच्या आत उभी राहून विचारायची, "हा मानूस कामावर असताना काय ऐकायचा गं?"

घरचे चक्रावायचे. तेल कुठलं लावता, औषध कुणाचं चालू आहे, असलं काहीतरी विचारील म्हणून बिचारे तयारीत बसलेले असायचे.

२००५ साली पंचवटीत यादव नावाच्या निवृत्त एसटी कंडक्टरच्या घरी असंच झालं. यादवांच्या बायकोनं कपाळाला आठ्या घातल्या.

"काय ऐकणार? तीस वर्षं पॅसेंजरांच्या शिव्या ऐकल्या त्यांनी."

"त्या ऱ्हाऊ दे. गाडी कशानं हालायची?"

"ड्रायव्हरनं."

"आन् ड्रायव्हर कशानं हालायचा?"

बाईंच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. मग उठल्या आणि देवघरातली घंटी घेऊन आल्या. रंगूबाईनं ती दोनदा वाजवली. टिंग-टिंग. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या यादवांच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. आठवड्यानं टाच सुटली. दोन महिन्यांनी यादव डबल बेलवर खोलीतून ओट्यापर्यंत चालायला लागले, आणि घंटी चुकून एकदाच वाजली की जागच्या जागी उभे राहायचे. सिंगल बेलला थांबायचं असतं, हे त्यांच्या पायाला कुणी सांगावं लागलं नाही.

"हे तुम्हाला शिकवलं कुणी, मावशी?" यादवांच्या बायकोनं विचारलं.

"आमच्या म्हाताऱ्यानं," रंगूबाई म्हणाली. "तवा त्याला एक शबूद बोलता येत नव्हता. तरी शिकवलं."

म्हातारा म्हणजे तिचा नवरा, पुंजाराम. मखमलाबादच्या रस्त्याला त्यांचा दीड एकराचा मळा, बारा महिने कोथिंबीर आणि मेथी. पण पुंजारामचं नाव होतं ते मळ्यामुळे नव्हे, मोजणीमुळे. पंचवटीच्या भाजीबाजारात कोथिंबीर उतरली, की दुसरे शेतकरीही त्यालाच हाक मारायचे, "पुंजाराम, तूच मोज बाबा." मोजायची रीत ठरलेली. दोन्ही मुठींत मिळून पाच जुड्या, तो झाला एक हात. असे वीस हात टोपलीत पडले की शेकडा भरला. प्रत्येक हात पडताना त्याचा आकडा गळ्यावर म्हणायचा. पहिल्या हाताला मात्र 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. एक म्हटलं तर माल एकावरच अडतो, अशी सगळ्यांची समजूत. "लाऽऽभ गं लाभ, दोऽऽन गं दोन, तीऽऽन गं तीन..." पुंजारामचा आवाज असा की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा बशी त्या तालावर हलवायचा.

शेकडा भरला की वर दोन जुड्या टाकायच्या, हीसुद्धा रीतच. बाकीचे मोजणारे त्या दोन कोमेजलेल्या बघून टाकायचे, नाहीतर बोलण्याच्या नादात विसरून जायचे. पुंजाराम विसरायचा नाही. ढिगातल्या हिरव्यागार दोन निवडून वर ठेवायचा आणि मगच पाठ सरळ करायचा. रंगूबाईचा जीव त्यावरून जळायचा.

"वरच्या दोन, वरच्या दोन करून आख्खा वाफा वाटून टाकला ह्या मानसानं!"

"शंभर दिल्या तर ते माप झालं, रंगे," तो हसायचा. "वरच्या दोन दिल्या तर तो पुंजाराम झाला."

१९९७ च्या मार्गशीर्षात, सकाळच्या भर बाजारात, चौदाव्या हाताला जुड्या त्याच्या मुठीतून गळाल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि तो टोपलीवरच कलंडला. अंगावरून वारं गेलं होतं. शेजारी उभा असलेला त्याचा चुलतभाऊ झिपरू पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला हेच सांगायचा, "चौदा म्हनला, आन् पुढं काय आलंच नाय. मी आपला पंधराची वाट बघतोय."

सोळा दिवसांनी पुंजाराम दवाखान्यातून घरी आला. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखा. वाचा गेलेली. भूक लागो, माशी बसो, राग येवो, तोंडातून निघायचं एकच, "हे... हे... हे..."

त्याचं सगळं अंगणालगतच्या पडवीत टाकलेल्या खाटेवर करावं लागायचं. रंगूबाई मळ्यात असली की लघवीचं भांडं सून उचलायची. सून हिरा गुणाची. नाक मुरडलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. पण ती भांडं घेऊन निघाली की पुंजाराम भिंतीकडे मान वळवायचा आणि तिच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत ती तशीच ठेवायचा.

मग त्याला ताप भरला. लघवीला जळजळ. डॉक्टर रंगूबाईवर खेकसले, "पाणी का पाजत नाही यांना?"

"पाजते की!"

पाजत होती, हे खरं. तो पीत नव्हता, हेही खरं. ओठ घट्ट मिटून घ्यायचा, नाहीतर तोंडात धरून हळूच उशीवर सोडायचा. त्या दुपारी हिरा भांडं घेऊन बाहेर गेली आणि पुंजारामनं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या दूर सारला. रंगूबाई दारात उभी होती. तिच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. पाणी प्यायलं की भांडं लागतं. भांडं लागलं की सून येते.

"उन्हाळा तोंडावर आलाय," डॉक्टर म्हणाले होते. "असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल."

मुलगा समाधान सातपूरला एका वर्कशॉपात वेल्डर होता. त्यानं पाइप जोडून मधे भोक असलेली लोखंडी खुर्ची बनवून आणली, अंगणाच्या टोकाला शेवग्याखाली असलेल्या संडासात बसवली, आत धरायला दांडाही लावला.

"झालं. आता मी बाबाला उचलून नेत जाईन."

"आन् तू फस्ट शिफ्टला गेल्यावर?" रंगूबाईनं विचारलं. "उचलून नेलेला मानूस पानी पितो का रे? त्यांना त्यांच्या पायानं जाऊ दे. मग पितील."

खाटेपासून संडासाच्या दारापर्यंत. बास. पंचवटी नको, बाजार नको, तेवढंच तिला हवं होतं.

माघात प्रतिभा यायला लागली. नुकतीच फिजिओथेरपी शिकून आलेली, चोविशीतली पोरगी, लूनावरून यायची. गल्लीतल्या बाया तिला 'व्यायामाची बाई' म्हणायच्या. तिनं पुंजारामचे पाय वाकवून बघितले, खाटेवरून उठवून दोन्ही पायांवर उभं केलं आणि डोळे बारीक केले.

"मावशी, पायात ताकद आलीय बरं का बाबांच्या. उभे राहतायत."

"मग चालत का नाय?"

"'चल' असा हुकूम आतून निघतो ना, तो वाटेत हरवतोय. आतून येत नाही, तर आपण बाहेरून खूण द्यायची. डोळ्याला द्यायची, कानाला द्यायची. जमिनीवर रेघा मारायच्या, ताल धरायचा. मग पाय कधीकधी त्या खुणेच्या मागे निघतो."

"कधीकधी?"

"कधीकधी," प्रतिभा म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

तिनं दोरीनं अंतर मोजलं. पुंजारामच्या आत्ताच्या तोकड्या पावलांनी बावीस पावलं. सारवलेल्या अंगणात खडूची रेघ उमटेना, म्हणून रंगूबाईनं चुना कालवला आणि खाटेपासून दारापर्यंत आडव्या बावीस रेघा ओढल्या. अंगण लांबून शिडीसारखं दिसायला लागलं. एका बाजूनं समाधान, एका बाजूनं प्रतिभा. कमरेला पट्टा.

"हं बाबा, रेघेकडे बघा. एक! एक! उचला, एक!"

पुंजाराम रेघेकडे बघायचा. कपाळावर घाम यायचा. डावा पाय कसाबसा पुढे जायचा आणि उजवा मागेच. प्रतिभानं टाळ्या वाजवल्या, डबा वाजवला. तीन आठवडे अंगणात "एक-दोन, एक-दोन" चाललं होतं. शेजारची पोरं शाळेत पीटीला जावं तशी कुंपणापलीकडून पाय आपटायची.

"हे... हे!" पुंजाराम चिडून खाटेवर बसायचा.

"बाई, एक विचारू?" एकदा रंगूबाई म्हणाली. "तुमचा तो हुकूम जर नाय आला आतून कधीच, तर?"

प्रतिभा पट्टा गुंडाळत राहिली. "अजून एक महिना बघू, मावशी."

महिना लागला नाही. फाल्गुनातली सकाळ होती. झिपरूनं त्यांच्याच वाफ्यातला माल काढला होता आणि अंगणात बसून तो बाजारासाठी मोजत होता. पुंजाराम खाटेच्या काठावर बसलेला, पाय खाली सोडलेले. रंगूबाई जुड्यांवर ओलं गोणपाट टाकत होती.

"लाऽऽभ गं लाभ," झिपरूनं पहिला हात टोपलीत टाकला. "दोऽऽन गं दोन..."

रंगूबाईला आधी वाटलं, उंदीर गेला. खाटेखाली काहीतरी सरकलं होतं. तिनं वाकून बघितलं. पुंजारामची उजवी टाच जमिनीवरून उठत होती आणि टेकत होती. 'तीऽऽन'ला उठली, 'गं तीन'ला टेकली.

"भाऊजी!" ती ओरडली. "थांबू नका! मोजा!"

"मोजतोय की वयनी—"

"बोलू नका, मोजा!"

झिपरू घाबरून पाचावर गेला, मग त्याला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून त्यानं टोपली ओतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "लाऽऽ—"

"लाभ," खाटेवरून आवाज आला.

घोगरा, तिरका, गंजलेला. पण शब्द. तीन महिन्यांतला पहिला.

हिरा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "कोण बोललं? आत्या, कोण बोललं?"

"तुझा सासरा," रंगूबाई म्हणाली. "माल मोजतोय."

दुपारी प्रतिभा आली, तेव्हा तिला हे पटेना.

"मावशी, 'एक' काय आणि 'लाभ' काय, आकडाच ना शेवटी?"

"तुमच्यासाठी असंल. ह्या मानसानं चाळीस वर्षांत मोजनी 'एक'नं सुरूच केली नाय. तुम्ही एक म्हनता, त्याला वाटतं, बाई कायतरी भलतंच बोलतीय, अजून माल आलाच नाय."

प्रतिभानं तिच्याकडे बघितलं. मग पुंजारामला उभं केलं, पट्टा धरला आणि म्हणाली, "म्हणा तुम्ही."

"मी?" रंगूबाईनं मागे बघितलं. झिपरू केव्हाच बाजारात गेला होता. बाजारात बायका जुड्या बांधायच्या, वाहायच्या, विकायच्या. मोजणीची हाळी पुरुषांची. एवढ्या वर्षांत तिनं ती कधी तोंडातून काढली नव्हती. कुंपणापलीकडून दोन शेजारणी बघत होत्या. तिनं पदर खोचला, चुन्याच्या पहिल्या रेघेवर नजर लावली आणि आवाज काढला.

"लाऽऽभ..."

उजवा पाय उचलला गेला. थरथरला.

"...गं लाभ."

रेघेपलीकडे टेकला.

पट्ट्यावरचे प्रतिभाचे हात पांढरे पडले होते, इतका तिनं तो घट्ट धरला होता. सहा पावलं झाली त्या दिवशी.

मग रंगूबाईनं त्या कामाचा पिच्छाच पुरवला. रेघा रोज नव्यानं ओढायची. उजव्या तळव्याला जमीन नीट कळत नाही, असं प्रतिभा म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक रेघेपलीकडे ओल्या गोणपाटाची पट्टी अंथरलेली. "जुड्या झाकायचं गोनपाट हाय. त्यांच्या पायाला वळखीचं." भिजलेल्या तागाला कोथिंबिरीचा वास मारायचा आणि पाय टेकला की पुंजारामच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. प्रतिभानं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. रंगूबाईला धीर कमी. एका सकाळी, प्रतिभा यायच्या आत, तिनं समाधानला एकट्याला धरायला लावलं आणि मोजणी सुरू केली. आत दूध चुलीवर होतं. उतू जाण्याचा वास आला, आणि 'सात-आठ-नऊ' तिच्या तोंडून एका दमात निघून गेलं. पुंजारामचा पाय त्या घाईमागे निघाला आणि अडकला. समाधानच्या हातातून निसटून तो तोंडावर पडला. हनुवटीला चार टाके.

प्रतिभा संतापली. "मोजणी केलीत की लिलाव? 'लाऽऽ' म्हणजे पाय उचलायला वेळ, 'गं लाभ' म्हणजे टेकायला वेळ. तो ताल म्हणजे त्यांची काठी आहे, मावशी. तुम्ही काठीच ओढून घेतलीत!"

रंगूबाई एक शब्द उलटून बोलली नाही. ज्या बाईच्या जिभेला अख्खा बाजार वचकायचा, ती खाली मान घालून उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती मळ्यात जुड्या बांधताना मोजायला लागली. हातात खऱ्या जुड्या घेऊन, टोपलीत टाकत, वीसपर्यंत. झिपरू समोर बसून चुका काढायचा.

"बारा लांबलं, वयनी."

"तुमचं नाक लांबलंय. परत सांगा."

पंधरा दिवसांनी झिपरू वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यानं हाळी ऐकली आणि दचकून वर बघितलं. त्याला वाटलं, पुंजाराम बाजारात उभा राहिला.

चैत्र लागला. अंगण दहा वाजताच तापायचं. पुंजाराम दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी घ्यायचा. ताप दोनदा येऊन गेला होता आणि डॉक्टर आता पुन्हा दाखल करायची भाषा करत होते.

"आज दारापर्यंत," रंगूबाईनं प्रतिभाला सांगितलं.

"आज किती जमतं ते बघू."

"बघू नाय. दारापर्यंत."

पट्टा प्रतिभाच्या हातात, पण सैल. समाधानची सुट्टी होती, तो दोन पावलं मागे. हिराला रंगूबाईनं मुद्दाम आत पाठवलं होतं. पुंजाराम डाव्या हातात काठी घेऊन पहिल्या रेघेपाशी उभा राहिला.

"लाऽऽभ गं लाभ..."

पाय निघाला. दोन. तीन. ओल्या गोणपाटावर पाय पडल्याचा चप्प आवाज व्हायचा. सातला तो डगमगला, रंगूबाईनं 'गं सात' लांबवून धरलं, तो सावरला. अकरानंतर तो तिच्याबरोबर ओठ हलवायला लागला. चौदा आलं. कुंपणापाशी उभा असलेला झिपरू पुढे वाकला. "चौऽऽदा गं चौदा," रंगूबाई म्हणाली, आणि पुढचा आकडा तिच्याआधी पुंजारामच्या तोंडातून पडला, "पं-धरा."

"आलं!" झिपरू ओरडला. "पंधरा आलं!"

"गप बसा!" तिघं एकदम म्हणाली.

सोळा, सतरा, अठरा. शेवग्याची सावली पायांवर आली. एकोणीस.

"वीऽऽस गं वीस."

पुंजारामनं पाय टेकला, आणि तो थांबला.

समोर दोन रेघा उरल्या होत्या. त्यापलीकडे दार.

"एकवीस, बाबा," प्रतिभा हळूच म्हणाली. पाय हलेना. "दोनच राहिली. एकवीस!"

रंगूबाईनंही म्हटलं, "एकवीस गं एकवीस." काही नाही. तो शांत उभा होता. थकलेलाही दिसत नव्हता. काम संपलेला माणूस उभा राहतो, तसा.

"दमले असतील," समाधान म्हणाला. "आई, मी उचलतो. एवढं आलेत, खूप झालं."

"हात लावू नको."

"अगं पण—"

"शेकडा भरला रे त्यांचा," रंगूबाई म्हणाली. "वीस हात. पुढं कोन मोजतं?"

ती वळून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, दारात, पाठीमागे समाधाननं लावलेला दांडा. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. चाळीस वर्षं ज्यावरून ती भांडली होती, तेच आता तिला मागायचं होतं.

"अहो," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलंय ना. वरच्या दोन द्यायच्या ऱ्हायल्या."

पुंजारामच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलली. आधी वाटलं रडतोय. तो हसत होता. त्यानं खाली बघितलं, निवडावं तसं रेघेकडे नीट बघितलं. उजवा पाय उचलला आणि पुढे ठेवला. कुणी आकडा म्हटला नाही. मग डावा.

त्यानं दांडा पकडला. रंगूबाई बाजूला सरली. प्रतिभानं पट्टा सोडला, लोखंडी खुर्चीवर त्याला टेकवलं आणि ती बाहेर आली. दार आतून ढकललं गेलं. मग बराच वेळ डाव्या हाताची खटपट ऐकू आली, आणि शेवटी कडी लागल्याचा आवाज आला. समाधान शेवग्याला धरून उभा होता. प्रतिभा लूनाची किल्ली शोधायला लागली, ती तिच्या हातातच होती.

परतीच्या वाटेला त्याला समाधाननं धरलं, तर तो काही म्हणाला नाही. खाटेवर बसला, धापा टाकत. हिरा दारात आली. या वेळी त्यानं मान वळवली नाही. तिच्याकडे बघितलं आणि ओठ जुळवायला लागला. सगळे वाट बघत राहिले.

"पा...नी," पुंजाराम म्हणाला.

हिरानं तांब्या भरून आणला. त्यानं तो डाव्या हातानं तोंडाला लावला आणि गळ्याची घाटी वर-खाली करत, गंजीफ्रॉकवर सांडत, तळापर्यंत प्यायला. रिकामा तांब्या पुढे केला. पुन्हा.

"प्या, किती प्यायचं ते प्या," रंगूबाई म्हणाली, आणि पदरानं त्याची टाके पडलेली हनुवटी पुसली. "म्होरची वाट ठावी झालीय आता."